‘किती पट?’ हा प्रश्न दुसरा

दुर्बीण म्हटली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : “किती पट मोठे दिसते?” जत्रेतील खेळण्याची दुर्बीण असो, शाळेतील सूक्ष्मदर्शक असो, मोबाइलचा कॅमेरा असो की रायफलीवर बसवलेली दुर्बीण असो, विचारणारा विचारतो तो हाच. दुकानदारालाही ते ठाऊक असल्यामुळे खोक्यावर तोच आकडा ठळक छापलेला असतो. माझे म्हणणे असे आहे, की ज्या उपकरणातून नुसते पाहायचे नसून काही मोजायचे आहे किंवा नेम धरायचा आहे, त्याच्या बाबतीत हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा : आतील मोजखुणा कोणत्या जागी बसवल्या आहेत? या प्रश्नाचे उत्तर माहीत नसेल तर विशालनाचा मोठा आकडा उपयोगी पडण्याऐवजी फसवू शकतो.

उदाहरण रायफलीवरील दुर्बिणीचे घेतो. शाळेतल्या मुलांसमोर बंदुकीचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण शिरूर तालुक्यातील मुलांना हा विषय परका राहिलेला नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आणि नोव्हेंबरच्या आरंभी पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले. त्यांत दोन मुले होती. अखेर वनखात्याने नेमबाज बोलावले, उष्णता टिपणारे कॅमेरे लावलेले ड्रोन उसावरून फिरवले. बिबट्याला बेशुद्ध करण्याचा प्रयत्न साधला नाही आणि ४ नोव्हेंबरच्या रात्री तो गोळीने मारला गेला. रात्र, दाट ऊस आणि चवताळलेले जनावर असताना नेम धरणे किती कठीण असते, याची कल्पना करावी. त्या रात्रीच्या यशापयशाचे माप मी दुर्बिणीच्या पदरात टाकत नाही. पण अशा कामासाठी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यापुढे नेमके काय दिसते, हे समजून घेण्याजोगे आहे, आणि त्यात दहावीच्या भिंगांच्या धड्यापलीकडचे फारसे काही नाही.

प्रथम साधी दुर्बीण घेऊ. पुढचे मोठे भिंग, म्हणजे वस्तुभिंग, दूरच्या वस्तूची उलटी व खरी प्रतिमा नळीच्या आत आपल्या नाभीपाशी तयार करते. मागचे भिंग, म्हणजे नेत्रिका, त्या प्रतिमेकडे पाहण्याचे साधे विशालक भिंग असते. दोन बहिर्वक्र भिंगांची ही मांडणी केप्लरने १६११ मध्ये सुचवली. आता गंमत पाहा. प्रतिमा जिथे तयार होते त्याच प्रतलात एखादा बारीक धागा ताणून बसवला, तर नेत्रिकेतून धागा आणि दृश्य ही दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसतात, जणू तो धागा दूरच्या डोंगरावरच ओढलेला आहे. गॅलिलिओच्या दुर्बिणीत ही सोय नव्हती. तिची नेत्रिका अंतर्वक्र असल्यामुळे नळीच्या आत खरी प्रतिमा तयारच होत नाही. मग धागा ठेवणार कुठे?

हा शोध कोळ्याने लावला असे म्हणतात ते थट्टेने, पण त्यात तथ्य आहे. इंग्लंडमध्ये लीड्सजवळ राहणाऱ्या विल्यम गॅस्कॉइन या तरुणाच्या दुर्बिणीत एका कोळ्याने धागा सोडला होता. सुमारे १६४० च्या सुमारास गॅस्कॉइनला तो दृश्याबरोबर स्पष्ट दिसला आणि त्याचा अर्थ ध्यानात आला. त्याने दुर्बिणीत नेमखूण बसवली, सूक्ष्म अंतरे मोजण्याची युक्ती केली, आणि १६४४ मध्ये तो यादवी युद्धात मारला गेला. पुढे कित्येक वर्षे अशा उपकरणांत खरोखरच कोळ्याचा धागा वापरत असत. नंतर काचेवर कोरलेल्या रेघा आल्या. या खुणांच्या जाळीला रेटिकल म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘लहान जाळे’ असाच आहे.

रायफलीवरील दुर्बिणीत एक अडचण जास्तीची असते. केप्लरची प्रतिमा उलटी. आकाशातील तारा उलटा दिसला तर काही बिघडत नाही, पण जमिनीवरचे जनावर डोके खाली पाय वर दिसून चालणार नाही. म्हणून वस्तुभिंग आणि नेत्रिका यांच्यामध्ये आणखी भिंगे घालून ती प्रतिमा सुलटी करतात. परिणामी नळीत प्रतिमा एक नसून दोन होतात : वस्तुभिंगाने केलेली पहिली, उलटी, आणि मधल्या भिंगांनी केलेली दुसरी, सुलटी. ज्या दुर्बिणीचे विशालन कमीजास्त करता येते, तिच्यात बाहेरचे कडे फिरवले की ही मधली भिंगे पुढेमागे सरकतात आणि पहिल्या प्रतिमेची दुसरी प्रतिमा लहान किंवा मोठी होते. म्हणजे विशालनातला सारा बदल या दोन प्रतिमांच्या दरम्यान घडतो.

आता खुणांची काच कुठे बसवायची? पहिल्या प्रतिमेच्या जागी की दुसरीच्या?

पहिल्या जागी बसवली तर कडे फिरवताच दृश्य आणि खुणा दोन्ही बरोबरीने मोठी होतात. खुणा जाड दिसू लागतात, त्यांच्यातली अंतरे फाकतात. पण बिबट्याच्या अंगावरचे जेवढे अंतर दोन खुणांमध्ये आधी मावत होते तेवढेच पुढेही मावते. दुसऱ्या जागी बसवली तर खुणा डोळ्याला सदैव तेवढ्याच दिसतात आणि त्यांच्यामागे दृश्य मात्र फुगते किंवा आक्रसते. म्हणजे खुणांची किंमत दर विशालनाला बदलते.

आकड्यांनी पाहू. या खुणा पुष्कळदा मिलिरेडियन या कोनाच्या मापात आखलेल्या असतात. थोडक्यात त्याला मिल म्हणू. १ मिल म्हणजे १००० मीटरवर १ मीटर, किंवा १०० मीटरवर १० सेंटीमीटर. उभ्या बिबट्याची खांद्यापर्यंतची उंची ६० सेंटीमीटर धरली, तर १०० मीटरवर तो ६ मिल जागा व्यापील. उलट तो किती मिल व्यापतो हे वाचून अंतर काढता येते : उंची मिलिमीटरमध्ये घ्यायची आणि मिलने भागायचे, उत्तर मीटरमध्ये मिळते. ६०० भागिले ६, बरोबर १००.

समजा, दुर्बिणीचे विशालन ४ ते १२ पट बदलते, खुणा दुसऱ्या जागी आहेत आणि कारखान्यात त्या १२ पटीला जुळवल्या आहेत. बहुतेक वेळा सर्वांत मोठ्या विशालनालाच जुळवतात. १२ वर कडे असताना बिबट्या ६ खुणा व्यापतो. हिशेब बरोबर येतो. पण रात्री १२ पट कोणी ठेवत नाही. विशालन वाढले की दृश्याचा घेर त्याच प्रमाणात कमी होतो. १०० मीटरवर ४ पटीला सुमारे ९ मीटर रुंदीचा पट्टा दिसत असेल तर १२ पटीला जेमतेम ३ मीटर. एवढ्याशा खिडकीतून उसाच्या कडेला फिरणारे जनावर सापडायचे कसे? म्हणून माणूस कडे ६ वर आणतो. आता बिबट्या निम्मा दिसतो, खुणा मात्र होत्या तेवढ्याच. तो ३ खुणांत मावतो. विसरलेला माणूस ६०० भागिले ३ करतो आणि २०० मीटर असे उत्तर काढतो. जनावर १०० मीटरवरच उभे आहे! २०० मीटरसाठी वर धरलेल्या नेमाने गोळी त्याच्या वरून जाते.

दुर्बिणीत दोष नाही, भिंगे उत्तम आहेत, भागाकारही चुकलेला नाही. चुकली ती खुणेची किंमत. ६ पटीला प्रत्येक खूण २ मिलची झाली होती आणि ४ पटीला ३ मिलची झाली असती. नियम सोपा आहे : ज्या विशालनाला खुणा जुळवल्या त्याला चालू विशालनाने भागा आणि त्या आकड्याने खुणेची छापील किंमत गुणा. सोपा खरा, पण मध्यरात्री काळजाचे ठोके वाढलेले असताना हा गुणाकार आठवेलच असे नाही.

हीच गोष्ट तुम्ही भूगोलात शिकलेली आहात, फक्त वेगळ्या नावाने. नकाशाचे प्रमाण तीन प्रकारांनी देतात : शब्दप्रमाण, अंकप्रमाण आणि रेषाप्रमाण. पुणे जिल्ह्याचा नकाशा छायाप्रतीच्या यंत्रावर दुप्पट करा. ‘१ सेंटीमीटर म्हणजे ५ किलोमीटर’ हे छापील वाक्य त्याच क्षणी खोटे होते. शिरूर ते दौंड हे अंतर पट्टीने मोजून ५ ने गुणले तर दुप्पट येईल. रेषाप्रमाण मात्र खरे राहते, कारण ती रेघही नकाशाबरोबर दुप्पट झालेली असते. पहिल्या जागेची खूण म्हणजे रेषाप्रमाण. दुसऱ्या जागेची खूण म्हणजे हातातली पट्टी. परीक्षेत दोन गुणांसाठी पाठ केलेले हे विधान दुर्बिणीच्या नळीत सापडावे, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

मग पहिली जागाच चांगली, दुसरी टाकाऊ, असे म्हणून मोकळे व्हावे का? तसे नाही, आणि इथे पहिल्या जागेच्या भक्तांशी माझे पटत नाही. पहिल्या जागेवरची ०.०५ मिल जाडीची रेघ घ्या. १२ पटीला ती डोळ्याला ०.६ मिल दिसते. ४ पटीला फक्त ०.२ मिल. निरोगी डोळ्याला सर्वसाधारणपणे एक मिनिट कोनापर्यंतचा, म्हणजे सुमारे ०.३ मिलचा, तपशील वेगळा ओळखता येतो. तेव्हा कमी विशालनाला ती रेघ अंधुक होते, आणि संध्याकाळच्या उजेडात तर नाहीशीच. जिथे घेर मोठा हवा म्हणून विशालन कमी केले, तिथेच फुली दिसेनाशी झाली! रेघ जाड करावी तर मोठ्या विशालनाला ती लक्ष्यावर ठसठशीत बसून तेच झाकते. दुसऱ्या जागेवरची फुली सदैव सारखी ठळक राहते. शिवाय ज्याला फक्त मधल्या फुलीवर नेम धरायचा आहे, बाजूच्या खुणा वाचायच्याच नाहीत, त्याला विशालन बदलल्याने काही फरक पडत नाही. केंद्र ते केंद्रच. एवढे मात्र, की मधली भिंगे सरकताना किंचित जरी वाकडी सरली तर दुसऱ्या जागेची फुली दृश्यावरून हलते. पहिल्या जागेची हलत नाही, कारण भिंगे वाकडी गेली तर ती दोघांनाही बरोबरच घेऊन जातात.

माझे मत विचाराल तर मोजायचे असेल तिथे पहिली जागा आणि अंधारात नुसते रोखायचे असेल तिथे दुसरी. पण जी असेल ती हातात घेणाऱ्याला माहीत असलीच पाहिजे. किती पट याचा आकडा कड्यावर कोरलेला असतो. खुणा कोणत्या जागी आहेत हे मात्र कडे फिरवून, खुणा फुगतात की नाही ते पाहूनच कळते. ते पाहण्याची सवय लागणे महत्त्वाचे.

यावर एक आक्षेप येतो. आता लेझर किरणाने अंतर क्षणात मोजता येते, मग खुणा वाचायच्या कशाला? लेझर उपयोगी आहेच. पण तो किरण ज्या वस्तूवरून परत येतो तिचे अंतर सांगतो, आणि उसात ती वस्तू दहा हात अलीकडचे पान असू शकते. बेशुद्धीची सुई फेकणाऱ्या बंदुकीत तर अंतर अधिकच मोलाचे. अशा बऱ्याच बंदुकांत वायूचा दाब अंतर पाहून ठरवतात. दाब कमी पडला तर सुई पोचत नाही आणि जास्त झाला तर जवळच्या जनावराला इजा होते. दोन साधनांचे उत्तर जुळते का, हे पाहणारा माणूस एकाच साधनावर विसंबणाऱ्यापेक्षा शहाणा.

जाता जाता एक सांगतो. नेमबाजी म्हणजे दुर्बीण असा समज आहे, पण ऑलिंपिकमधील रायफलीच्या स्पर्धांत रायफलीवर विशालन करणारी दुर्बीण चालत नाही. २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलच्या तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्याचा स्वप्नील कुसळे बारीक छिद्रातून आणि पुढच्या कड्यातून काळे वर्तुळ पाहत होता. लक्ष्य एक पटीनेच दिसत होते, तरी पदक आले!

दौंडकडची मुले म्हणतील, आमच्याकडे राज्य राखीव पोलीस बलाचे गट आहेत, नानवीजला प्रशिक्षण केंद्र आहे, रायफली आम्ही पाहतो. पण आमच्या हातात हे उपकरण यायचे कधी? रायफल येऊ नये हेच बरे. पण हेच तत्त्व घेऊन उभे राहणारे एक शांत उपकरण दौंड तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या वावरत आले आहे. खडकवासल्याचा नवा मुठा उजवा कालवा दौंडमधून इंदापूरकडे जातो. कालव्याचा उतार इतका थोडा असतो की नुसत्या डोळ्याला तो कळतही नाही. तो आखताना तिपाईवर लेव्हल नावाची दुर्बीण लावतात आणि दूर उभ्या केलेल्या स्टाफवरचे, म्हणजे उंच मोजपट्टीवरचे, आकडे वाचतात. तिच्यात मधल्या आडव्या तारेच्या वर आणि खाली आणखी दोन आखूड तारा असतात. वरच्या तारेवर १.८२ मीटर आणि खालच्या तारेवर १.३४ मीटर वाचले, तर फरक ०.४८, त्याला १०० ने गुणले की स्टाफ ४८ मीटरवर आहे. फीत न ओढता अंतर मिळाले. हा १०० चा गुणक भरवशाचा का? कारण तारा वस्तुभिंगाच्या प्रतिमेच्याच जागी आहेत. २० पटीची नेत्रिका काढून ३० पटीची लावा, आकडे मोठे दिसतील, तारांमधले अंतरही मोठे दिसेल, पण १.८२ आणि १.३४ तेच राहतील.

मुरलेला सर्व्हेअर वाचन घेण्याआधी एक गोष्ट हमखास करतो : डोळा किंचित वरखाली हलवून पाहतो. तार स्टाफवरून सरकल्यासारखी वाटली तर प्रतिमा आणि तार एका प्रतलात नाहीत. मग तो आधी नेत्रिकेने तारा स्पष्ट करतो, नंतर मळसूत्र फिरवून स्टाफ. रायफलीच्या दुर्बिणीलाही हीच कसोटी लागू आहे. एवढ्याशा चालढकलीने कालव्याची पातळी चुकली तर त्याचा भुर्दंड शेपटाकडच्या शेतकऱ्याला पडतो, कारण पाणी सर्व्हेअरच्या वहीला मानत नाही.

आणि मोबाइल तर तुमच्या घरात आहेच. उसाच्या बांधावर काहीतरी दिसले, कोणी झूम करून छायाचित्र घेतले आणि ते गावभर फिरले, असे आता होऊ लागले आहे. त्या चित्रात मापाची कोणतीही वस्तू नसेल तर रानमांजर बिबट्याएवढे दिसू शकते. पडद्यावर दोन बोटे फाकवली की प्राणी वाढतो, भीतीही वाढते. ठसा टिपताना वन्यजीवांचे अभ्यासक त्याच्याशेजारी पट्टी ठेवतात, ती का? पट्टी ठशाबरोबरच चित्रात गेली की चित्र कितीही मोठे केले तरी माप बिघडत नाही. पहिली जागा ती हीच. ठसा घराजवळ, दिवसाउजेडी, मोठी माणसे बरोबर असताना दिसला तर शेजारी पट्टी किंवा काड्यापेटी ठेवून सरळ वरून छायाचित्र घ्यावे आणि वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे. ठशापुढे नखांच्या खुणा आहेत का तेही पाहावे. कुत्र्याच्या ठशात त्या बहुधा उमटतात, बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतो. उसात शिरून माग काढण्याचा पराक्रम मात्र कोणी करू नये.

राहता राहिली शाळा. वर्गात आपण दुर्बिणीची आकृती काढतो ती दोन भिंगांची आणि चार किरणांची. प्रतिमेच्या जागी एक छोटी उभी रेघ काढून ‘येथे तार’ असे लिहिले, तर पाहण्याचे उपकरण मोजण्याचे कसे होते ते एका रेघेत कळेल. शिक्षकांना माझी हीच विनंती आहे. प्रयोगशाळेसाठी सूक्ष्मदर्शक घेताना तर अधिकच लक्ष द्यावे. जास्त विशालनाच्या भिंगासाठी पैसे मोजण्याआधी मोजपट्टी कोरलेली एक नेत्रिका घ्यावी. ही पट्टी नेत्रिकेत असल्यामुळे ती दुसऱ्या जागेच्या खुणेसारखी वागते : १० पटीच्या वस्तुभिंगाला तिचा एक भाग १० मायक्रोमीटरचा असेल, तर ४० पटीच्या भिंगाला तोच २.५ मायक्रोमीटरचा होतो. कांद्याच्या पापुद्र्यातील ६० मायक्रोमीटर रुंदीची पेशी पहिल्या भिंगाखाली ६ भाग भरेल आणि दुसऱ्याखाली २४. म्हणून प्रत्येक भिंगासाठी एकदा खरे माप खाली ठेवून पट्टीची किंमत ठरवावी लागते. मिलिमीटरचे शंभर भाग केलेली काच मिळाली तर उत्तम. न मिळाली तर कमी विशालनाला पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्टीवरचा एक मिलिमीटरही चालतो. मिळालेले आकडे चिठ्ठीवर लिहून ती सूक्ष्मदर्शकाच्या पायालाच चिकटवावी, म्हणजे पुढच्या वर्गाला पुन्हा शोधत बसावे लागणार नाही.